नोव्हेंबरचा पहिला रविवार यायच्या आत

मागच्या हंगामात एक रकाना मी चुकीच्या जागी काढला आणि पाच दिवस सकाळी आमच्या कास्तकारांच्या मोबाइलवर न्यूयॉर्कचा चुकीचा बंद भाव गेला. आत्ता पावसाळा आहे, पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली आहे, हाताला थोडी उसंत आहे. म्हणून यंदाची तयारी आजच लिहून काढते. तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत, जिनिंगमध्ये किंवा अडतीवर कुणी एक्सेलच्या पॉवर क्वेरीत परदेशी बाजाराचे भाव ओढत असेल, तर हे त्याच्यापुढे ठेवा. १ नोव्हेंबर २०२६ च्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास मागं घेणार आहे. सगळं त्याच्या आत झालं पाहिजे. सोमवारी उजाडल्यावर बघू म्हणाल, तर तोवर चुकीचा आकडा गावात पोचलेला असेल.

आधी काय बिघडलं ते सांगते, त्याशिवाय पुढची यादी कळायची नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कंपनीतून रोज सकाळी सातला ग्रुपवर तीन ओळी जातात: न्यूयॉर्कच्या कापसाचा रात्रीचा बंद भाव, त्याचे रुपयांत खंडीला किती होतात, आणि शिकागोचं सोयाबीन. ज्या ठिकाणाहून आम्ही भाव घेतो तिथून दर पाच मिनिटांची एक ओळ येते आणि तिच्यावरची वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जगाच्या सामाईक घड्याळात, असते. जुलै २०२५ मध्ये मी क्वेरी बांधली. यूटीसीची भारतीय वेळ केली, तिच्यातून तारीख काढली, तारखेवार गट पाडले आणि प्रत्येक गटातली शेवटची ओळ हा बंद भाव धरला. ऑक्टोबर संपेपर्यंत ती क्वेरी एकदाही चुकली नाही.

ती का चुकली नाही, यातच सगळी मेख आहे. न्यूयॉर्कचा कापूस तिथल्या रात्री ९ ला उघडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी २:२० ला बंद होतो. तिथलं उन्हाळी घड्याळ (मार्च ते नोव्हेंबर, एक तास पुढं) चालू असतं तेव्हा आपल्याकडे ते सकाळी ६:३० ते रात्री ११:५० होतं. अख्खा सौदा, म्हणजे बाजार उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा व्यवहार, एकाच भारतीय तारखेत बसतो, अगदी दहा मिनिटं शिल्लक ठेवून. त्यामुळे भारतीय तारीख आणि बाजाराचा दिवस एकच, असं मनात पक्कं बसतं. मग २ नोव्हेंबर २०२५ ला घड्याळ मागं गेलं आणि तोच सौदा आपल्याकडे सकाळी ७:३० ते मध्यरात्रीनंतर १२:५० असा झाला. शेवटची पन्नास मिनिटं पुढच्या तारखेत सांडली. माझी क्वेरी मात्र तारखेची शेवटची ओळ उचलत राहिली, म्हणजे रात्री ११:५५ ची. तेव्हा न्यूयॉर्कात १:२५ वाजलेले असतात आणि बाजार आणखी पंचावन्न मिनिटं चालायचा असतो. क्वेरीनं कुठं लाल खूण दाखवली नाही, कुठला रकाना रिकामा राहिला नाही. आकडा खऱ्याच्या इतका जवळचा होता की माझ्या डोळ्यांना खटकलाच नाही.

सोमवारी १० नोव्हेंबरला आठवड्याचा तक्ता छापून ऑफिसच्या भिंतीला लावला. कापूस मोजायला आलेल्या एका कास्तकारानं तो नीट वाचला आणि विचारलं, "ताई, तिकडं शनवारीबी बजार रायते का वो?" शनिवार ८ नोव्हेंबरची ओळ तक्त्यात होती. उघडून पाहिलं तर त्या तारखेखाली फक्त अकरा ओळी, १२:०० ते १२:५० च्या. शुक्रवारच्या सौद्याचं शेपूट होतं ते. त्या पाच दिवसांत एका काकाजींनी आमच्या आकड्यावर विसंबून भरलेली गाडी घरीच थांबवली होती. मी त्यांच्या घरी जाऊन काय झालं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. मला अजून ते विसरता येत नाही.

आता यादी. सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनात घट्ट धरा, कारण पुढं मी ती सारखी म्हणणार आहे: बाजाराचा दिवस आधी काढा, भारतीय वेळ नंतर करा. भारतीय वेळेतून बाजाराचा दिवस काढायचा नाही. कधीच नाही. उन्हाळ्यात बरोबर येतो म्हणूनही नाही.

एक्सेल २०१६ च्या पुढचं हवं, इंटरनेट हवं, फाइलची एक प्रत बाजूला ठेवलेली हवी. हे सांगायची गरज नाही.

मग ओळीवरची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते पाहा. शेवटी झेड (म्हणजे यूटीसी) असेल किंवा उणे पाच-उणे चार असा फरक लिहिलेला असेल तर नशीब चांगलं. काहीच लिहिलेलं नसेल तर अंदाज करू नका. उन्हाळ्यातला एक दिवस आणि डिसेंबरातला एक दिवस घ्या आणि सौद्याची शेवटची ओळ किती वाजताची आहे ते बघा. दोन्ही दिवशी १४:२० असेल तर वेळ न्यूयॉर्कची. एकदा १८:२० आणि एकदा १९:२० असेल तर यूटीसी. एकदा २३:५० आणि एकदा ००:५० असेल तर कुणीतरी आधीच भारतीय वेळ करून ठेवली आहे, आणि तुमचं पहिलं काम ती उलटी फिरवून यूटीसीत नेणं हे आहे. भारताचा फरक वर्षभर साडेपाच तासच असतो, त्यामुळे उलटं फिरवणं सोपं आहे. तारीख-महिन्याची अदलाबदलही इथंच तपासा. अमेरिकी पद्धतीनं लिहिलेला ११/३ म्हणजे ३ नोव्हेंबर, आपल्या सेटिंगमध्ये तोच ११ मार्च होतो. प्रकार बदलताना 'लोकेल वापरून' हा पर्याय निवडा, एवढंच.

आता रकान्याचा प्रकार. पॉवर क्वेरी ज्या एम भाषेत लिहितात तिच्यात डेटटाइम वेगळा आणि डेटटाइमझोन वेगळा. पहिल्यात नुसती वेळ, दुसऱ्यात वेळ आणि यूटीसीपासूनचा फरक. तुम्हाला दुसरा हवा. पॉवर क्वेरी फाइल उघडताच स्वतःहून 'चेंज्ड टाइप' नावाची पायरी टाकते. तिच्यावर सोडून देऊ नका, प्रत्येक रकान्याचा प्रकार आपण सांगा. आणि इथं एक खड्डा आहे. डेटटाइमझोनचा रकाना साध्या डेटटाइममध्ये बदलला, तर एम आधी ती वेळ त्या संगणकाच्या स्थानिक वेळेत नेते आणि मग फरक पुसते. तुमच्या लॅपटॉपवर ती भारतीय वेळ होते, दुसऱ्या संगणकावर दुसरीच. थेट डेट केलं तरी तसंच होतं. फरक नुसता पुसायचा आणि काटे जागचे हलवायचे नाहीत, तर डेटटाइमझोन.रिमूव्हझोन आहे. तारीख काढण्याआधी तेच वापरा. (नावं मी देवनागरीत लिहिते आहे, क्वेरीत टंकताना लहान-मोठी रोमन अक्षरं जशीच्या तशी लागतात.)

अ‍ॅडझोन आणि स्विचझोन यांत गफलत करू नका. डेटटाइम.अ‍ॅडझोन घड्याळाच्या काट्यांना हात लावत नाही, नुसती चिठ्ठी चिकटवतं की ही वेळ अमक्या फरकाची आहे. डेटटाइमझोन.स्विचझोन क्षण तोच ठेवून काटे फिरवतं. वेळ यूटीसीत आहे आणि फरक लिहिलेला नाही, तर आधी अ‍ॅडझोन शून्य, मग स्विचझोन. उलटं केलंत तर साडेपाच तासांची चूक होईल. ती दिसते तरी. एका तासाची दिसत नाही.

आता तेच. मी विसरले होते ते. बाजाराच्या दिवसाचा रकाना. भारतीय वेळेची पायरी टाकण्याच्या आधी, यूटीसीवर असतानाच, दोन रकाने काढा. पहिला: नुसती यूटीसीची तारीख. कापसाचा सौदा यूटीसीत उन्हाळ्यात १:०० ते १८:२० आणि हिवाळ्यात २:०० ते १९:२० असा चालतो, म्हणजे दोन्ही घड्याळांत तो एकाच यूटीसी तारखेत राहतो. शिकागोचं सोयाबीन तिथल्या संध्याकाळी ७ ला उघडतं, मध्ये सकाळी ७:४५ ते ८:३० थांबतं आणि दुपारी १:२० ला संपतं. तेही यूटीसीत उन्हाळ्यात ०:०० ते १८:२०, हिवाळ्यात १:०० ते १९:२०. हे योगायोगानं जुळलं आहे. सोयाबीनचं तर उन्हाळ्यात अगदी काठावर. पण जुळलं आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या.

दुसरा रकाना न्यूयॉर्कच्या वेळेवरून. तिथली वेळ काढा, तिच्यात तीन तास मिळवा आणि मग तारीख घ्या. रात्री ९ ला उघडणारा सौदा पुढच्या दिवसाचा धरला जातो. ९ मध्ये ३ मिळवले की बारा वाजतात आणि तारीख आपोआप पुढची होते. शिकागोला पाच तास मिळवा. खरा बाजारदिवस हा दुसरा रकाना, कारण दिवस कुठला हे ठरवण्याचा हक्क त्या बाजाराच्या गावचा आहे, यवतमाळचा नाही. यूटीसीची तारीख त्याची साक्षीदार. प्रत्येक ओळीत दोन्ही तारखा एकच यायला हव्यात. तिसरा रकाना करा, दोन्ही वेगळ्या आल्या तर 'तपासा' लिहून येईल असा. एका जरी ओळीत 'तपासा' आलं, तर त्या दिवशी ग्रुपवर भाव पाठवू नका.

मग गट बाजारदिवसावर पाडा आणि गटातली सगळ्यात उशिराची ओळ बंद भाव म्हणून घ्या. रुपया-डॉलरचा दर जोडायचा तोही बाजारदिवसावर. बाजार समितीचा भाव जोडायचा तोही बाजारदिवसावर. भारतीय तारखेवर काहीही जोडू नका. भारतीय वेळेचा रकाना माणसांना दाखवण्यापुरता, अगदी शेवटच्या पायरीला. बाजाराचा दिवस आधी, भारतीय वेळ नंतर. माझ्या जुलैच्या क्वेरीत या दोन पायऱ्या उलट्या होत्या, बाकी सगळं बरोबर होतं.

न्यूयॉर्कची वेळ काढायची तर तिथला फरक उणे चार की उणे पाच हे कळायला हवं, आणि एम भाषा ते सांगत नाही. स्विचझोनला तास आणि मिनिटं द्यावी लागतात, गावाचं नाव देता येत नाही. मुलसॉफ्ट कंपनीच्या डेटावीव्ह भाषेत अमेरिका/न्यूयॉर्क असं नाव दिलं की ती भाषा नियम स्वतः पाहते. पॉवर क्वेरीत ती सोय नाही, नियम आपण लिहायचा. २००७ पासूनचा अमेरिकेचा नियम असा: मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ ला घड्याळ पुढं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ ला मागं. रविवार शोधायला कॅलेंडर लागत नाही. दुसरा रविवार नेहमी ८ ते १४ तारखेत येतो, म्हणून १४ मार्चला डेट.स्टार्टऑफवीक (तारखेच्या आठवड्याचा पहिला दिवस देणारं फंक्शन) लावलं की तोच मिळतो. नोव्हेंबरसाठी ७ तारखेला लावा. आठवड्याचा पहिला वार रविवार, म्हणजे डे.संडे, हे त्याला स्वतः सांगा. नाही सांगितलं तर तो संगणकाच्या सेटिंगवरून ठरवतो आणि सोमवार धरून बसला तर सगळं सहा दिवसांनी किंवा एका दिवसानं घसरतं.

तुलना यूटीसीतच करा. मार्चमधला बदल यूटीसी ७:०० ला होतो, नोव्हेंबरमधला ६:०० ला. कारण मार्चमध्ये पहाटेचे दोन हे उणे पाचच्या घड्याळातले, नोव्हेंबरमध्ये उणे चारच्या. आपल्याकडे तेव्हा रविवारी दुपारचे साडेबारा आणि सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. क्षण पहिल्याच्या बरोबर किंवा पुढं, आणि दुसऱ्याच्या आधी असेल तर उणे चार, नाहीतर उणे पाच. हे एकच फंक्शन करा आणि सगळीकडे तेच वापरा. दर क्वेरीत वेगळा आकडा हातानं लिहिलात तर एखादा राहून जातोच.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी तिथं पहाटे १ ते २ हा तास दोनदा येतो, त्याची धास्ती अनेकजण घेतात. आपल्याला त्याचा त्रास नाही. त्या वेळी बाजार बंद असतो, रविवारी रात्री ९ ला उघडतो. यूटीसीतून येणाऱ्याला तसाही संभ्रम नाही.

काही लोक म्हणतात उणे चार वर्षभर ठेवलं तरी बाजारदिवस चुकत नाही. खरं आहे, कापसाच्या सौद्याच्या दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा आहे. पण मग बंद होण्याची वेळ हिवाळ्यात १५:२० दिसते आणि ज्या एका खुणेवरून चूक पकडता येते ती खूणच तुम्ही पुसता. उणे पाच वर्षभर ठेवणं तर घातकच: उन्हाळ्यात सौद्याचा पहिला तास आदल्या दिवसात जातो आणि त्या दिवसाची 'शेवटची ओळ' बनतो. नियम नीट लिहा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

वीस वर्षांचा आलेख काढणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की १९८७ ते २००६ मध्ये नियम वेगळा होता: एप्रिलचा पहिला रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा. आणि पुढंही तो बदलू शकतो. उन्हाळी घड्याळ कायमचं करण्याचं विधेयक अमेरिकेच्या सिनेटनं मार्च २०२२ मध्ये मंजूर केलं होतं, पुढं त्याचा कायदा झाला नाही. ब्राझील, जो आपल्यासारखाच कापूस विकतो, त्यानं २०१९ मध्ये घड्याळ बदलणं बंद केलं. म्हणून नियमाच्या तारखा एका छोट्या तक्त्यात ठेवल्या तर बदल झाल्यावर एक ओळ दुरुस्त करून भागेल.

लाईन गेली की लॅपटॉप बंद, म्हणून आम्ही तक्ता मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकावर, हलवला. तुम्हीही हलवणार असाल तर डेटटाइम.लोकलनाऊ (संगणकाची आत्ताची वेळ) काढून टाका. क्लाउडवर 'लोकल' म्हणजे यूटीसी. पहाटे पाचला रिफ्रेश लावलंत तर तिथं रात्रीचे ११:३० आणि तारीख कालची. डेटटाइमझोन.फिक्स्डयूटीसीनाऊ घ्या आणि त्याला स्विचझोननं ५ तास ३० मिनिटं द्या. 'काल'चा भाव मागू नका, सगळ्यात अलीकडचा पूर्ण झालेला बाजारदिवस मागा. उन्हाळ्यात साताच्या आधीच नवा सौदा उघडलेला असतो, तो यात येऊ देऊ नका.

चाचणी. चार क्षण हातानं टाका आणि क्वेरीतून काढा: ३१ ऑक्टोबर २०२५ चे यूटीसी १८:२०, ३ नोव्हेंबर २०२५ चे १९:२०, ६ मार्च २०२६ चे १९:२०, ९ मार्च २०२६ चे १८:२०. चारही ठिकाणी न्यूयॉर्कची वेळ १४:२० आली पाहिजे. बाजारदिवस ३१ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर, ६ मार्च, ९ मार्च. भारतीय वेळ मात्र अनुक्रमे २३:५०, ००:५०, ००:५०, २३:५०, आणि मधल्या दोघांची भारतीय तारीख ४ नोव्हेंबर आणि ७ मार्च. बाजारदिवसाच्या रकान्यात ४ नोव्हेंबर आला तर तुम्ही माझीच चूक केली आहे. वर जा, पायऱ्यांचा क्रम बघा. फक्त चालू आठवड्यावर तपासून समाधान मानू नका. जुलैत बांधलेली क्वेरी जुलैत बरोबरच दिसते. मागच्या वेळी हिवाळी घड्याळ २ नोव्हेंबर ते ८ मार्च असे अठरा आठवडे होतं, आणि आपल्याकडचा बहुतेक कापूस याच आठवड्यांत बाजारात येतो. चूक नेमकी तेव्हाच जागी होते.

शनिवारची परीक्षाही ठेवा: बाजारदिवसात शनिवार-रविवार एकही नको. एक आला तरी थांबा.

ब्रिटनमधल्या लिव्हरपूलचा कापसाचा आकडा घेत असाल तर ब्रिटनचा नियम वेगळा: मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, यूटीसी १:०० ला. ३१ तारखेला स्टार्टऑफवीक लावा. यंदा २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा आठवडा ब्रिटन बदललेला आणि अमेरिका न बदललेली असा जाईल.

आठवण कोण करून देणार? एमसीएक्स या आपल्याकडच्या वायदे बाजारात सोन्या-चांदीचे सौदे अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११:३० ऐवजी ११:५५ ला संपू लागतात, ती सूचना आली की समजा. तरी मोबाइलमध्ये ३० ऑक्टोबरचा, शुक्रवारचा, गजर लावून ठेवा.

त्या शुक्रवारी चार क्षणांची चाचणी पुन्हा. सोमवारी २ नोव्हेंबरला काही करू नका, फक्त 'तपासा' रकाना बघा. मंगळवारी सकाळी भाव पाठवण्याआधी बंदची ओळ उघडा: न्यूयॉर्क १४:२०, भारत ००:५०, बाजारदिवस सोमवार. तिन्ही जुळले तर सातला पाठवा. नाही जुळले तर भाव उशिरा येतोय एवढंच लिहा, आणि क्रम बघा.